दोघांसाठी रक्त द्या

प्रसेननं स्वतःहून काही मागितलं, ते अकरा महिन्यांत पहिल्यांदा. मनू नुकतीच निजली होती. एका हातानं पाळण्याची दोरी ओढत मी दुसऱ्या हातानं दुपट्यांच्या घड्या घालत होते. तो त्याच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात पत्त्यांचा कॅट.

"ताई, जरा कॅट बघतीस का? पुण्याला जायचं म्हणतोय."

स्वयंपाकघरात आई भांडी लावत होती. तो आवाज थांबला.

"कधी?" मी जमेल तितकं साधं विचारलं.

"महिन्याच्या शेवटच्या रविवारी. स्पर्धा हाय ह्या खेळाची. जोतीरामनं माझं नाव घातलंय, मला न विचारता. गाढव हाय त्ये."

इतकं लांब बोलणं आमच्या घरात बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं होतं. मी घडी अर्धवट टाकली आणि म्हटलं, "आण बघू."

प्रसेनजीत माझा धाकटा भाऊ. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला त्याचे दोन विषय राहिले. परत बसला, परत तेच दोन राहिले. बरोबरची पोरं पुण्या-बेंगलोरला नोकऱ्यांना लागली आणि ह्यानं घराबाहेर पडणं सोडलं. एकदम नाही सोडलं. आधी कॉलेजची वाट सोडली, मग तालमीची, मग चौकातल्या चहाच्या गाड्याची, आणि शेवटी दारातल्या कट्ट्यावरसुद्धा बसेना झाला. मी बाळंतपणाला माहेरी आले ती त्याच्यामुळं राहिलेच. मनू सात महिन्यांची झाली तरी इथंच. मनूचे पप्पा शिरोळकडं साखर कारखान्यात. गळीत हंगाम चालू असला की त्यांना रविवारही नसतो. फोनवर म्हणायचे, "ऱ्हा अजून. भाऊ हाय तुझा."

घर सगळं कुजबुजत होतं. आमचे आप्पा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत. आयुष्यभर भट्टीच्या वर आवाज चढवून बोललेला माणूस. शेजारच्या गल्लीला कळायचं आज आप्पांना भाजी आवडली नाही ते. तेच आप्पा आता चपला हातात घेऊन घरात यायचे. आई जेवणाचं ताट त्याच्या दाराशी ठेवून, दोन बोटांनी दार वाजवून निघून जायची. मोठ्यानं बोलायचं काम माझ्याकडं आलं होतं. मी त्याच्याशी कडाकडा भांडायची आणि ते पत्त्यांवरून. तेवढंच एक त्याच्यात आणि माझ्यात शाबूत राहिलं होतं.

खेळ विलायती. हॉस्टेलवर एका पोराच्या मावसभावानं अमेरिकेहून पत्त्यांचा अख्खा खोका आणला होता, तो शेवटी प्रसेनकडंच राहिला. पत्त्यांवर व्हॅम्पायर, म्हणजे पांढऱ्याफटक चेहऱ्याची, काळ्या झग्यातली, सुळेवाली माणसं. आप्पांनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले होते, "छप्पनला धम्म घेतल्यापास्नं आपण भुतं मानायचं सोडलंय. आणि ह्यो इंजिनेर व्हायच्या टायमाला भुतं घिऊन बसलाय." तेव्हा आप्पा मोठ्यानं बोलत असत, आणि प्रसेनही मोठ्यानं हसला होता.

खेळायचं असं. प्रत्येकाजवळ तीस चिंचोके. एक चिंचोका म्हणजे रक्ताचा एक थेंब. चिंचोके संपले की तुम्ही बाद. कॅटमध्ये साठ पत्ते. काही पत्ते व्हॅम्पायरांचे, बाकीचे त्यांच्याकडून करवून घ्यायच्या कामांचे, जसं की सभा भरवणं. व्हॅम्पायरला जागं करायचं तर त्याच्या पत्त्यावर आकडा असतो, तेवढे चिंचोके आपल्या ढिगातले त्याच्यावर ठेवायचे. ज्याचे व्हॅम्पायर भरल्या रक्ताचे, त्याची सभेत मतं जास्त. सभा जिंकली की डाव जिंकला.

इंग्रजी नियमांची चोपडी हॉस्टेलच्या गळक्या छताखाली कधीच लगदा झाली होती. पण त्याआधी प्रसेननं बाकीच्या पोरांसाठी शंभरपानी वहीत तिचं मराठी करून ठेवलं होतं. पाच पोरं चार वर्षं त्या वहीवर खेळली. मीही तीच वाचून शिकले. तिच्यात जागोजागी एक ओळ होती: ब्लीड फॉर टू म्हणजे दोघांसाठी रक्त द्या. आपल्या ढिगातून आपल्याच दोन व्हॅम्पायरांवर एकेक चिंचोका ठेवायचा. थ्री असेल तर तिघांवर.

"हे कसले रे व्हॅम्पायर?" मी तेव्हा विचारलं होतं. "कुणाचं पीत न्हाईत, उलट आपणच ह्यांना पाजायचं?"

"चांगल्या घरातले हायत," प्रसेन म्हणाला होता.

तर ह्या खेळाची स्पर्धा. त्याच्या हॉस्टेलवरच्या जोतीरामनं पुण्यात कुठल्याशा सायबर कॅफेत कागद चिकटवलेला पाहिला. सोळा खेळाडू, दिवसभराचे डाव. जोतीराम स्वतः चार वर्षं हरतच आला होता, आणि कॉलेज सुटल्यापासून त्यानं पत्त्याला हात लावला नव्हता. पण फोनवर म्हणाला, "यायलाच लागतंय. तुझ्याइतका ह्यो खेळ आख्ख्या महाराष्ट्रात कुणाला येतोय?" एवढं एक वाक्य अकरा महिन्यांत त्याला कुणी ऐकवलं नव्हतं.

दहा दिवस होते. आम्ही कामाला लागलो.

मनू दुपारी दीडला निजायची ती तीनला उठायची. तेवढा दीड तास आमचा, आणि रात्री ती निजली की परत. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला. साठ पत्त्यांची नावं खाली, डावांचे आकडे वर. कुठला पत्ता खेळला गेला तिथं फुली. कुठला नुसताच हातात अडकून राहिला तिथं गोल. सहा डावांनंतर तक्ता बोलायला लागला.

"हे बघ. सभेचे पत्ते अठरा घातलेत तू. पहिल्या चार फेऱ्यांत व्हॅम्पायरच जागे नसत्यात, सभा कुणाची भरवणार? हातात नुसते पत्रावळीसारखे धरून बसतोस."

"शेवटाला लागत्यात की."

"शेवटाला सहा लागत्यात. हे बारा गोल कुणाचे, माझे?"

"तुला हरायचं दुःख झालंय," तो म्हणाला, पण तक्ता ओढून घेतला. मग आपणच बोट फिरवत म्हणाला, "ह्यो म्हातारा बघ. नऊ चिंचोके खातोय जागा व्हायला. तीन म्हातारे म्हंजे सत्तावीस. ह्यांच्या पायी आपलंच दिवाळं."

"काढ म्हातारे."

"म्हातारे काढून चार-चारवाले तरणे घालू. पाच घालू, सभेचे दोन काढून."

"आता कसं बोललास!"

तिन्ही म्हातारे गेले. कॅट हलका झाला, चपळ झाला. पूर्वी डाव अडीच तास चालायचा, तो दीड तासात व्हायला लागला. प्रसेन सातव्या दिवशी दाढी करून आला. मनूनं त्याच्या गुळगुळीत गालाला हात लावून पाहिला आणि रडायला लागली. ओळखेना त्याला. तो हसला.

त्याच दिवशी, बुधवारी, मला ती चूक सापडली.

संध्याकाळची वेळ. मनू अंगावर पीत होती, आणि एक हात मोकळा म्हणून मी खोक्यातले उरलेले पत्ते चाळत होते. बिनकामाचे म्हणून प्रसेननं बाजूला टाकलेले तीस-चाळीस होते. त्यात एकाच जातीचे सात सापडले. चित्रात दारासमोर एक बाई कंदील धरून उभी. खाली इंग्रजीत: रिड्यूस अ ब्लीड अगेन्स्ट यू बाय थ्री.

तुमच्यावरचं ब्लीड तीननं कमी करा. अगेन्स्ट यू.

मी परत वाचलं. आपणच आपल्या पोरांना पाजायचं, त्यात 'तुमच्याविरुद्ध' कुठून आलं?

बाळंतपणाच्या आधी मी सातवीला इंग्रजी शिकवत होते. दरवर्षी एक तास ह्याच्यावर जायचा. पोरांना 'फॉर' दिसला की ती 'साठी' लिहून मोकळी. मी फळ्यावर लिहायची: मी हे दहा रुपयांसाठी घेतलं, असं कोण बोलतं का रे? दहा रुपयांना घेतलं. 'फॉर' आला की लगेच 'साठी' नाही, आधी पुढं काय आहे बघा. आणि तीच मी, घरात येऊन, भावाची वही वाचून बसले होते, एकदाही पत्ता धड न वाचता.

दोघांसाठी नव्हे. दोन थेंब. ब्लीड फॉर टू म्हणजे दोन थेंब रक्त काढा. समोरच्याचं.

मी एकेक पत्ता उलटून पाहायला लागले, आणि जिथं जिथं आम्ही अर्थ ओढूनताणून बसवला होता, तिथं तिथं तो आपोआप बसत गेला. सुळे का होते ते कळलं. चार वर्षं ती पाच पोरं आणि नंतर मी, आम्ही व्हॅम्पायरांचा खेळ खेळत होतो आणि कुणी कुणाच्या रक्ताला हात लावला नव्हता. जो तो आपलंच सांडत होता.

मनूनं तोंड काढून माझ्याकडं पाहिलं. दूध यायचं थांबलं होतं की काय कोण जाणे.

तक्ता जवळच होता. मी मनात खऱ्या नियमानं एक डाव खेळून पाहिला. प्रसेनच्या कॅटमध्ये अडवणारा पत्ता एकही नव्हता. समोरच्यानं दोन-दोन, तीन-तीन करत काढायला घेतलं तर सातव्या फेरीत ढीग साफ. पण हरण्याचं मला वाटत नव्हतं, हरू दे. तो सोळा पोरांच्या पुढं आपलेच चिंचोके उचलून आपल्याच पत्त्यांवर ठेवील, आणि कुणीतरी हसेल, ते मला दिसत होतं. ज्या एका गोष्टीत त्याला येतं असं अजून कुणी म्हणत होतं, तीच त्याची चुकलेली. आणि चूक जोतीरामची नाही, खोकेवाल्याची नाही. वही त्याच्या अक्षरातली.

सांगितलं तर जायचाच नाही. अकरा महिन्यांनी दार उघडलंय ते परत लागेल. नाही सांगितलं तर तिथं, एकटा.

आई मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी होती. मी तिला सांगितलं. तिला खेळ समजायचं कारण नव्हतं. "चुकला म्हंजे? पत्तंच की."

"उलटं लिहिलंय त्यानं, आई. तिथं सगळी हसतील."

आईनं हातातला पिळा बादलीत टाकला. ओले हात तसेच धरून माझ्यापुढं उभी राहिली.

"सकाळी मला काय म्हणला ठावं हाय? आई, निळा शर्ट इस्त्री करून ठेव. शर्ट म्हणला, दीक्षा. वर्षभर बंडीवर हाय पोरगं माझं." मग आणखी खाली आवाज काढून, "तू काय सुदीक बोलू नको. जाऊ दे त्याला. तिथनं म्होरं काय हुईल ते हुईल. पाया पडतो तुझ्या."

आई पाया पडते म्हणाल्यावर बोलायचं काय राहतं?

रात्रभर काही ठरलं नाही. सकाळी ठरलं ते असं: त्याला सांगायचं नाही, कॅटला सांगायचं. म्हणजे त्याच्या नकळत कॅट असा करून ठेवायचा की नियम बरोबर कळला त्या क्षणाला तो उभा राहील. एक बरं होतं. पाजायचे म्हणून त्यानं ब्लीडचे चौदा पत्ते घातले होते. खऱ्या खेळात तेच चौदा हत्यारं होणार होते. कमी होती ती अडवणाऱ्यांची. कंदीलवाल्या बाईचे निदान सहा पत्ते आत जायला हवेत, आणि सभेचे सहा बाहेर. तक्त्यावरच्या गोलांनी ते सहा कुठले हेही सांगून ठेवलं होतं.

दुपारी मी म्हटलं, "ह्या बाया घालून बघू या का?"

"ह्या?" त्यानं पत्ता उचलून तोंड वाकडं केलं. "छपाईची चूक हाय ही. 'अगेन्स्ट यू' काय? त्याला अर्थ तरी हाय का?"

"सातीच्या सात पत्त्यांवर चूक?"

"एकाच छापखान्यातनं आल्यावर सगळेच चुकणार की. तू काय येडी का खुळी."

"असू दे की. पुण्याची पोरं काय काय घेऊन येतील, तुला काय म्हाईत? एखाद्याकडं असंल काहीतरी विरुद्ध."

"कसलं विरुद्ध? वहीत न्हाय तसलं काय." आणि माझ्याकडं नीट बघून, "का गं?"

ती वेळ होती. इतकं सरळ त्यानं विचारलं होतं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, मराठी, सोपं, सातवीच्या पोराला कळेल असं. आणि मी म्हटलं, "काय न्हाय. बाईचा चेहरा बरा वाटला."

मग मी जे केलं ते मला अजून बोलायला जड जातं. मनू जागी होऊन सतरंजीवर बसली होती. मी ते सहा पत्ते तिच्या मुठीत दिले. तिनं दोन तोंडात घातले, बाकीचे मामाकडं धरून आं-आं करायला लागली.

"बघ, भाची देती तुला."

प्रसेन विरघळला. त्या पोरीपुढं त्याचं काही चालायचं नाही. "मामाला दिलं व्हय? मामाला पायजेत व्हय? आण, आण." थुंकी पुसून त्यानं सहाही पत्ते कॅटमध्ये सारले, आणि मी पुढं केलेले सभेचे सहा न बघताच खोक्यात टाकले. "आता हरलो तर मनूचं नाव सांगणार."

मनू टाळ्या वाजवायला नुकतीच शिकली होती. तिनं वाजवल्या.

रविवारी पहाटे चारची एस्टी. निळा शर्ट, खिशात कॅट, पिशवीत चिंचोक्यांची पुरचुंडी. आप्पांनी दुधाची किटली घेतली आणि त्याच्या मागं वीस पावलं अंतर ठेवून तेही बाहेर पडले. दूध आमच्याकडं गवळी घालतो. तासाभरानं आप्पा रिकामी किटली घेऊन परत आले आणि आईला म्हणाले, "बसला. खिडकीपाशी बसला." मग हातपाय धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत.

तो दिवस कसा गेला ते सांगता येत नाही. मनूला दात येत होते, ती चिरचिरत होती, आणि मला ते बरं वाटत होतं. दहाला वाटलं, आता पहिला डाव. अकराला वाटलं, आता झालं असेल. मधेच मी जोतीरामच्या घरचा नंबर फिरवला आणि वाजायच्या आत ठेवला. कुणाला काय सांगणार होते? फोनपासून तिथवर दोनशे तीस किलोमीटर, आणि मला जे सांगायचं होतं ते चार दिवस सहा फुटांवर बसून सांगता आलं नव्हतं.

दिवेलागणीला जोतीरामचाच फोन आला. आप्पांनी घेतला, आणि एकदम त्यांचा जुना आवाज फुटला, "काय म्हणतोस! कितवा? तिसरा?"

सोळा जणांत तिसरा. आईनं डब्यातली साखर घेतली आणि गल्लीत वाटायला गेली. कशात तिसरा ते तिला सांगता येईना, म्हणून "पुण्यात तिसरा आला" एवढंच सांगत फिरली. शेजारच्या चिमणाबाई विचारायला आल्या, नोकरीचीच परीक्षा होती न्हवं? आई म्हणाली, तसलंच काय तर.

मी मनूला छातीशी धरून उभी राहिले. हसू येत होतं, पण साखर तोंडात घालवेना.

प्रसेन सोमवारी दुपारी आला. आईनं ओवाळलं नाही, पण ओवाळल्यासारखं करून डोक्यावरून हात फिरवला. आप्पा पहिल्या पाळीला गेले होते. जेवण झालं, आई भांडी घेऊन मागं गेली, मनू निजली. तो येऊन माझ्यासमोर सतरंजीवर बसला. कॅट मध्ये ठेवला.

"पहिल्या डावात मी दोन चिंचोके उचलून माझ्या पत्त्यांवर ठेवले," तो म्हणाला. "समोरचं पोरगं म्हणतं, भाऊ, हे काय करताय? मी म्हटलं, दोघांसाठी रक्त देतोय."

मी पाळण्याच्या दोरीला हात घातला.

"हसला. वाईट न्हवता पोरगा. त्यानं पंचाला बोलावलं. पंचानं मला समजावून सांगितलं, अगदी हळू. बाकीचे डाव थांबवून बघत हुते सगळे. जोतीराम तर पायाकडंच बघत हुता." त्यानं कॅटच्या कडा सारख्या केल्या. "म्हटलं, उठावं. उठलोच हुतो. मग हातातले पत्ते बघितले, तर ती कंदीलवाली बाई. दोन बाया. आता तिचा अर्थ लागला. बसलो परत."

"बरं केलंस."

"तुझ्या त्या सहा बायांवर तिसरा आलो, ताई. एस्टीत येताना कॅट परत काढला. साताऱ्यापास्नं इथवर तेच बघत आलो. सहा आत घातलेस ते बरोबर. पर बाहेर काढलेस ते सहा पण बरोबर. खऱ्या नियमात जे सगळ्यात बिनकामाचे, तेच. आंधळ्यानं दगड मारला तर एकदा लागतोय, बारा वेळा न्हाय लागत." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुला ठावं हुतं."

"व्हय."

"कधीपास्नं?"

"बुधवारपास्नं."

त्यानं बोटांवर मोजलं. बुध, गुरू, शुक्र, शनी. चार बोटं मुडपून हात तसाच मांडीवर ठेवला.

"आणि मनूच्या हातनं दिलंस."

मला वाटलं आता ओरडेल. मी वाट बघत होते. ओरडावं, कॅट फेकून द्यावा, मला खोटारडी म्हणावं, मग मीही ओरडेन, तू तरी चार वर्षं काय डोळे मिटून मराठी केलंस म्हणेन, आणि मनू उठेल आणि आई पळत येईल.

"आई ताट दाराशी ठेवती," तो म्हणाला. "आप्पा किटली घेऊन स्टँडपतोर येतात. मला काय दिसत न्हाय व्हय? दिसतंय. पर तू भांडायचीस माझ्याशी."

"मग भांड की आता!" माझा आवाज फुटला. "बोल की काय बोलायचं ते."

"कशापायी? माझ्यासाठीच केलंस की तू."

एवढं म्हणून तो उठला. दार लावलं नाही त्यानं. उघडंच ठेवलं. मला वाटतं, आम्हाला बरं वाटावं म्हणून.

त्यानंतरचे दिवस चांगलेच गेले असं घरातला कुणीही सांगेल. तो कट्ट्यावर बसायला लागला. एकदा आप्पांच्या बरोबर चहाच्या गाड्यावर जाऊन आला. परीक्षेचा फॉर्म भरतो म्हणाला. माझ्याशी अगदी नीट बोलायचा. ताई, तू बस, मी पाणी आणतो. ताई, मनूला मी घेतो, तू दोन घास खा. मी मुद्दाम खोड काढायची, अरे अंघोळ तरी कर, वास मारतोयस. तर "व्हय, करतो," म्हणून जायचा.

परवा दुपारी मीच म्हटलं, "एक डाव टाकू या? बरोबर नियमानं."

"टाकू की."

मनू पाळण्यात होती. त्यानं पत्ते पिसले, चिंचोके वाटले, मला उतारी दिली. खऱ्या नियमानं मी पहिल्यांदाच खेळत होते. खेळ भलताच वेगळा होता, जलद, निर्दय. मी त्याचे दोन काढले, त्यानं माझे तीन. मला वाटलं, आता येईल चेव. आता म्हणेल, कशी मोडली कंबर. तासाभरात माझ्याजवळ तीन चिंचोके राहिले, त्याच्याजवळ पाच. ओढायचे पत्ते दोघांचेही संपले होते. त्याच्या हातात दोनच पत्ते.

त्याचा कॅट मला तोंडपाठ आहे. साठ पत्त्यांतले अठ्ठावन्न समोर पडले होते. दोन पडले नव्हते. एक ब्लीड फॉर वन. दुसरा ब्लीड फॉर फोर. माझ्या हातात कंदील उरला नव्हता, आणि हे त्यालाही माहीत होतं. चारचा टाकला की मी संपले.

त्यानं दोन्ही पत्ते पाहिले. मग माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर अगदी प्रेमळ असं काहीतरी होतं.

"एक," तो म्हणाला आणि एकचा पत्ता टाकला.

मी माझा एक चिंचोका उचलून बाजूला टाकला. माझी पाळी आली. माझ्याजवळ पाचचा पत्ता होता. न खेळता बसून राहावं असं वाटलं, पण मग काय सांगणार होते?

"पाच," मी म्हटलं.

"जिंकलीस की," तो म्हणाला, आणि हातातला शेवटचा पत्ता उलटाच ढिगात सारला. "हुशार हायस हं, ताई."

पाळण्यात मनूनं कूस बदलली, कुरकुरली.

"उठली वाटतं," प्रसेन म्हणाला. "तू घे तिला. मी आवरतो."